औषधांच्या तक्त्यात एक ओळ आवडीची

वाचक विचारतात

गंभीर आजारात घरातले साधे आनंद कसे टिकवायचे, या विषयावर पत्रं मागवली होती. बहुतेक पत्रं इंदूरचीच आली: राजेंद्रनगर, सुदामानगर, लोकमान्यनगर आणि रामबागेतून. वेदनाशमन उपचार करणारे डॉक्टर, परिचारिका आणि आहारतज्ज्ञ यांनी मिळून ही उत्तरं लिहिली आहेत. एक गोष्ट आधीच सांगतो. आनंदी राहिल्याने कर्करोग किंवा हृदयाचा आजार बरा होतो याला पुरावा नाही. त्यामुळे रुग्णाला हसवणं ही घरच्यांनी अंगावर घ्यायची परीक्षा नव्हे. आपल्या हातात असतं ते एवढंच: आवडीच्या गोष्टीच्या आड नेमकं काय येतंय ते शोधायचं आणि ते बाजूला करायचं. कधी वेदना आड येते, कधी बदललेली चव, कधी धाप. आणि कितीतरी वेळा फक्त चुकीची वेळ.

आईची केमोथेरपी चालू आहे, दर २१ दिवसांनी. दोन झाल्या. रविवारी सकाळी पोहे-जिलेबी हा आमच्या घरचा वर्षानुवर्षांचा नेम. परवा तिने एक घास घेतला, ‘लोखंड चावल्यासारखं लागतंय’ म्हणाली आणि ताट सरकवलं. तिला सगळ्यात वाईट त्याचंच वाटलं. आता पोहे बंदच करावेत का?
— मुलगी, राजेंद्रनगर

बंद करू नका, रविवार बदला. २१ दिवसांच्या चक्रात सगळे दिवस सारखे नसतात. पहिले तीन-चार दिवस मळमळीचे. साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली असतात, तोंड येतं तेही बहुधा याच सुमारास. तिसऱ्या आठवड्यात चव आणि भूक दोन्ही थोड्या परततात. पोहे-जिलेबीचा रविवार हा तिसऱ्या आठवड्यातला. कॅलेंडरवर त्यावर आत्ताच खूण करा. वाट पाहायला काहीतरी असणं हेसुद्धा आईला हवंच आहे.

केमोच्या दिवशी मात्र तिच्या आवडीचं काहीही देऊ नका. मळमळ होण्याआधी जे खाल्लं त्याच्याशी शरीर त्या मळमळीचं नातं जोडतं, आणि मग तो पदार्थ कित्येक महिने नकोसा होतो. चांगल्या मनाने घरचे नेमके त्या दिवशी डब्यात आवडीचं भरून नेतात आणि एक आवड घालवून बसतात. त्या सकाळी तिला विशेष प्रेम नसलेलं साधं काहीतरी द्या. खाणं आणि सलाईन यांच्या मध्ये एखादी अनोळखी, उग्र चवीची गोळी चघळायला दिली, तर नावड त्या गोळीच्या वाट्याला जाते आणि जेवण वाचतं. मुलांमध्ये हे तपासून पाहिलेलं आहे.

लोखंडी चवीसाठी: स्टीलचा चमचा काढून लाकडी किंवा प्लास्टिकचा द्या, ताटली काचेची किंवा चिनी मातीची. खाण्याआधी चूळ: एक कप कोमट पाण्यात पाव चहाचा चमचा खायचा सोडा आणि त्याच्या निम्मं मीठ. तोंडात खळखळवून टाकायची, गिळायची नाही. तोंड आलेलं नसेल तर लिंबाचे चार थेंब चव उघडतात. तोंड आलं असेल तर लिंबू आगीसारखं लागेल, तेव्हा ते नको.

पोह्यांची पद्धतही थोडी बदलावी लागेल. एक वाटी पोहे चाळणीत दोनदा धुऊन दहा मिनिटं निथळत ठेवा. दोन चहाचे चमचे तेलात मोहरी, बडीशेप आणि हळद. कांदा अगदी बारीक चिरून पूर्ण मऊ होईपर्यंत परता. मिरची नाही. पोहे, मीठ आणि एक चमचा साखर घालून, उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर चाळणी ठेवून, झाकण लावून पाच मिनिटं वाफ द्या. आपल्याकडे पोहे वाफेवर ठेवतात ते इथे फार उपयोगी आहे, कारण कोरडे पडलेले पोहे फोड आलेल्या तोंडाला टोचतात. तरी कोरडे वाटले तर दोन चमचे कोमट दूध शिंपडा. शेव घालू नका, तिच्या कडा जखमा ओरखडतात. जिरावण (पोह्यांवर भुरभुरायचा इंदुरी मसाला) चिमूटभरच, तेही तोंड स्वच्छ असेल तर. गरमागरम वाढू नका. वाफेबरोबर वास वर येतो आणि वासानेच मळमळतं. कोमट झाले की द्या, आणि फोडणी चालू असताना आईला दुसऱ्या खोलीत, खिडकी उघडून बसवा.

तोंड फारच आलं असेल त्या दिवसांत भुट्ट्याचा कीस करा. दोन कोवळे भुट्टे किसून, एक मोठा चमचा तुपात जिरं-हिंग, त्यात कीस पाच मिनिटं परतून एक कप दूध घालायचं आणि मंद आचेवर पंधरा मिनिटं शिजवायचं. जून भुट्टा घेतला तर सालपटं घशात अडकतात, तेव्हा तो गाळून घ्या किंवा नकोच.

जिलेबी: कढईतून निघालेली, समोर तळलेली, तीही तिसऱ्या आठवड्यातच. केमोच्या आगेमागे स्टेरॉइड देतात त्याने साखर वाढते, म्हणून त्या तीन-चार दिवसांत गोड नको. मधुमेह असेल तर डॉक्टरांना विचारूनच. पेशी कमी असतानाच्या आठवड्यात बाहेरचं काहीच नाही: सराफ्याच्या खाऊगल्लीतलं नाही, कापून ठेवलेलं फळ नाही, हिरवी चटणी नाही. कोथिंबीर आणि डाळिंबाचे दाणेही त्या आठवड्यात पोह्यांवर घालू नका. ताप १००.४ फॅरनहाइट किंवा वर गेला तर सकाळची वाट न पाहता त्याच तासाला रुग्णालयाला कळवा.

चव परत येते. उपचार संपल्यावर काही आठवडे ते काही महिने लागतात. तोवर दर रविवारी तिला विचारा, ‘आज काय लागेल?’ मागच्या आठवड्याचं उत्तर या आठवड्याला लागू पडेलच असं नाही.

वडिलांना फुप्फुसाचा जुना आजार आहे. घरी ऑक्सिजन मशीन लागलं, दिवसातले सोळा तास. पूर्वी रोज पेटी घेऊन अभंग म्हणायचे. आता दोन ओळींत धाप लागते म्हणून पेटीला हातही लावत नाहीत. गणपतीत आरतीला उभं राहायचं म्हणतात, आम्हाला भीती वाटते.
— मुलगा, सुदामानगर

आधी आरतीचं, कारण तिथे खरा धोका आहे. ऑक्सिजन स्वतः जळत नाही, पण त्याच्या सान्निध्यात कपडे, केस आणि दाढी क्षणात पेट घेतात. निरांजन, समई, कापूर, उदबत्ती आणि गॅस यांच्यापासून मशीन, नळी आणि वडील तिन्ही किमान ३ मीटर दूर हवेत. मशीन बंद केल्यावरही कपड्यांत ऑक्सिजन काही वेळ साठलेला असतो, म्हणून ‘आरतीपुरतं काढून ठेवू’ हाही उपाय नाही. उपाय असा: गणपती खोलीच्या एका टोकाला, बाबांची खुर्ची दाराशी किंवा ओसरीवर, निरांजन इतरांच्या हातात, त्यांच्या हातात टाळ. आरती फिरवायला त्यांच्याजवळ आणायची नाही. कापूर आणि धूप या वर्षी वगळा, कारण त्या धुराने श्वासनळ्या आवळतात. रंगपंचमीच्या गेरीचंही, म्हणजे रंग उडवत निघणाऱ्या मिरवणुकीचंही, तेच. गुलालाची भुकटी हवेत असताना त्यांना गल्लीत बसवू नका, बंद खिडकीतून पाहू द्या.

नळीमुळे नाक कोरडं पडतं म्हणून घरोघरी खोबरेल किंवा व्हॅसलिन लावतात. ऑक्सिजन चालू असताना तेलकट काहीही नको. पाण्यात विरघळणारं जेल औषधाच्या दुकानात मिळतं, ते वापरा. मशीनची नळी लांब करून अंगणापर्यंत नेता येते. बऱ्याच मशीनना १५ मीटरपर्यंत चालते, पण तुमच्या मशीनची मर्यादा पुस्तिकेत पाहा. त्याहून लांब केली तर प्रवाह कमी पडतो. वीज गेली तर काय, याची सोय म्हणून भरलेलं छोटं सिलिंडर खोलीतच असावं.

आता पेटी. पेटी वाजवण्यात सगळ्यात जास्त दम भात्याला लागतो. भाता तुम्ही किंवा नातवाने हलवायचा आणि बोटं बाबांची. टेबलावर पेटी, दोन्ही कोपरं टेकलेली, खुर्चीला हात असलेले. खांदे टेकले की श्वासाच्या स्नायूंवरचा भार कमी होतो. गाण्याआधी पाच मिनिटं असा श्वास: नाकाने दोन मोजत आत, ओठांचा चंबू करून चार मोजत बाहेर. ओळ तोडून म्हणायची. अभंगाच्या एका चरणात दोन श्वास घेतले तर काही बिघडत नाही, आणि मधली जागा पेटीने भरता येते. श्वासाचा फवारा (इनहेलर) दिलेला असेल तर डॉक्टरांना विचारून तो गाण्याच्या पंधरा-वीस मिनिटं आधी घ्या. जेवणानंतर लगेच गाऊ नये, भरलेलं पोट छाती-पोटामधल्या पडद्याला वर ढकलतं.

धाप लागलीच तर हातात धरायचा बॅटरीचा छोटा पंखा फार कामाचा आहे. चेहऱ्यापासून साधारण १५ सेंटिमीटरवर धरून नाक आणि वरच्या ओठावर वारा घ्यायचा, पाच मिनिटं. चेहऱ्यावरच्या गार वाऱ्याने मेंदूला जाणवणारी धाप कमी होते, हे अभ्यासांतून दिसलं आहे. हा पंखा पेटीशेजारीच ठेवा. धाप पुन्हा लागली तर हाताशी काहीतरी आहे, हे कळलं की माणूस पेटी उघडायला धजतो.

ज्या दिवशी म्हणणं होणार नाही त्या दिवशी ऐकणं. कुमार गंधर्व १९४८ मध्ये क्षयामुळे इथून जवळच्या देवासला येऊन राहिले. गाणं काही वर्षं बंद होतं. त्या काळात अंथरुणावरून कानावर पडलेल्या माळव्याच्या लोकधुनांतून पुढे त्यांनी नवे राग बांधले. त्यांचा क्षय औषधाने बरा झाला, बाबांचा आजार तसा बरा होणारा नाही, आणि हे त्यांनाही ठाऊक आहे. म्हणून ‘तुम्हीही पुन्हा गाल’ असं म्हणू नका. ‘आज कोणतं ऐकायचं?’ एवढंच विचारा, आणि ऐकताना शेजारी बसा.

यजमानांचं हृदय कमजोर आहे. डॉक्टरांनी दिवसाला दीड लिटरच पाणी आणि कमी मीठ सांगितलंय. त्यांना चहाशिवाय दुसरा शौक नाही. मुलांनी चहाच बंद केला, तेव्हापासून घरात रोज वाद.
— वाचक, लोकमान्यनगर

चहा मोजा, बंद करू नका. सकाळी दीड लिटरची बाटली पाण्याने भरून ओट्यावर ठेवा. दिवसभरात ते जे काही पितील (चहा, ताक, वरणाचं पाणी, औषधाबरोबरचं पाणी) तेवढंच मापाने त्या बाटलीतून ओतून टाका, झाडांना घाला. बाटली संपली की दिवसाचा कोटा संपला. मुलांना हे डोळ्यांनी दिसतं, वाद थांबतो.

कप ६० मिलिलिटरचा घ्या, काठोकाठ भरा. मोठ्या कपात अर्धा चहा दिला तर कमी दिल्यासारखं वाटतं. असे चार कप म्हणजे २४० मिलिलिटर, दीड लिटरमध्ये ते सहज बसतात. आलं, वेलची, गवती चहा सगळं चालतं. खरी अडचण चहाबरोबरच्या बशीत असते. शेव, फरसाण, खारी, मठरी यांतल्या मिठाने तहान वाढते आणि पाय सुजतात. त्याऐवजी घरी भाजलेले बिनमिठाचे मुरमुरे, वर भाजल्या जिऱ्याची पूड आणि लिंबू. सैंधवही मीठच आहे. ‘कमी सोडियमचं’ म्हणून मिळणाऱ्या मिठात पोटॅशियम असतं. हृदयाच्या काही गोळ्यांबरोबर ते रक्तात धोकादायक वाढतं, तेव्हा डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नका.

तहान अगदीच असह्य झाली तर बर्फाचा खडा चोखायला द्या, पण बर्फही पाण्यातच मोजा. तुमच्या साच्यातले दहा खडे वितळवून एकदा मापून ठेवा. रोज सकाळी लघवी झाल्यावर, चहाच्या आधी वजन करा. तीन दिवसांत दोन किलोहून जास्त वाढलं तर डॉक्टरांना फोन करा.

नवऱ्याला मल्टिपल मायलोमा (अस्थिमज्जेतला रक्ताचा कर्करोग) आहे. अहवाल बरे येताहेत, पण तो दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून असतो. आधी नाटकांना जायचा, क्रिकेट, बाग, सगळ्यात रस होता. आता ‘काही नको’. येणारा प्रत्येक जण ‘सकारात्मक राहा’ सांगतो आणि तो आणखी मिटतो.
— पत्नी, रामबाग

‘सकारात्मक राहा’ म्हणणाऱ्यांना आधी थांबवा, अगदी दारातच. त्या वाक्यातून रुग्णाला ऐकू येतं ते ‘तू नीट आजारी पडत नाहीस’ असं. हवं तर आमचं नाव सांगा.

मग ‘काही नको’च्या मागे शरीराचं काही आहे का ते पाहा. मायलोमात हाडं दुखतात आणि पुरुष ते सांगत नाहीत. शून्य ते दहामध्ये दुखणं किती, हे सकाळी, दुपारी आणि रात्री विचारून लिहा. चारच्या वर राहत असेल तर डॉक्टरांना दाखवा, कारण दुखण्यावर मन रमवून मात करता येत नाही. मॉर्फिनचं नाव निघालं तर घाबरू नका. वेदनेसाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिलेल्या तोंडाच्या मॉर्फिनने व्यसन लागणं क्वचित घडतं. बद्धकोष्ठ मात्र हमखास होतं, म्हणून पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासूनच लागतं. हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि झोपही तपासून घ्या. या आजारात स्टेरॉइड देतात, ते घेतल्याच्या दिवशी माणूस चढलेला आणि एक-दोन दिवसांनी कोसळलेला असतो. कॅलेंडरवर खूण केलीत की ही चढउतार तुम्हाला ओळखता येईल, आणि नेमक्या पडत्या दिवशी बाहेर जायचा बेत ठरणार नाही.

एवढं झाल्यावर पद्धत. मन लागलं की करू, असं आपण म्हणतो. या अवस्थेत क्रम उलटा असतो: आधी हात हलतो, मन मागून येतं, आणि तेही दर वेळी येत नाही. ‘काय करूया?’ असं विचारू नका, त्याचं उत्तर ‘काही नको’ हेच येणार. दोनच पर्याय ठेवा: ‘बाल्कनीत बसतोस की मॅच लावू?’ जुनी आवड घेऊन तिचे इतके लहान तुकडे करा की त्यातला एक दहा मिनिटांत व्हावा. बाग म्हणजे कुंड्या उचलणं नव्हे. ते त्याने करायचंच नाही, मणके ठिसूळ असतात. माती उकरणंही नको, संसर्गाचा धोका असतो. खुर्चीवर बसून, हातात अर्ध्या लिटरची फवाऱ्याची बाटली, गुलाबाच्या पानांवर पाणी. आज किती कळ्या आहेत ते मोजायचं. बस. नाटक म्हणजे तीन तास खुर्चीत बसणं नव्हे, घरी रेकॉर्डिंगमधला एक प्रवेश.

वेळ ठरलेली हवी. औषधांच्या तक्त्यातच एक ओळ घाला: ‘सकाळी १०, बाल्कनी, १० मिनिटं’. दुखण्याची जादा गोळी दिलेली असेल तर ती पाऊण तास आधी. सुरू करण्याआधी त्याला विचारा, ‘किती बरं वाटेल, दहापैकी?’ आणि झाल्यावर पुन्हा. खिन्न माणूस आधी बहुधा कमी अंदाज करतो. ‘एक’ म्हणालेला माणूस नंतर ‘तीन’ म्हणतो. आठवडाभराचे आकडे एका कागदावर आले की तुम्ही समजूत घालायची गरज उरत नाही, तो कागद वाचतो. आकडा वाढला नाही तरी ठीक, दुसरा तुकडा निवडा. दहा मिनिटं छान गेली म्हणून चाळीस करू नका. दुसऱ्या दिवशीच्या थकव्याने सगळा डाव मोडतो आणि ‘बघ, म्हणून नको म्हणत होतो’ हे ऐकावं लागतं.

आणि हे नीट वाचा. सलग दोन आठवडे, बहुतेक दिवसभर, कशातच रस नाही किंवा मन खिन्न, हताश आहे, या दोन्हींपैकी एकाचंही उत्तर ‘हो’ असेल तर नैराश्याची तपासणी हवी. कर्करोगात नैराश्य येणारच असं म्हणून सोडून देऊ नका, त्यावर उपचार आहेत. गोळ्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, म्हणून पहिल्या आठवड्यात बंद करू नका. ‘माझं ओझं झालंय’, ‘संपवून टाकावं’ असं बोलला तर सरळ विचारा, ‘जीव द्यायचा विचार येतो का?’ विचारल्याने तो विचार वाढत नाही. उत्तर ‘हो’ असेल तर त्याला एकटं सोडू नका, औषधं तुमच्या ताब्यात ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास, मोफत आहे. तिथे तुम्हीही तुमच्यासाठी बोलू शकता.

आठवड्यातून तीनदा डायलिसिस. चार-चार तास छताकडे बघत पडायचं आणि घरी आल्यावर ‘हे खाऊ नको, ते खाऊ नको’. निदान फळ कोणतं खाऊ?
— वाचक, वय ४६

सफरचंद, पेरू, पपई, अननस यांतलं एका वेळी एक, अर्धी वाटी, तेही तुमच्या पोटॅशियमच्या अहवालावर. पेरू आणि पपईत पोटॅशियम बाकी दोन फळांहून जास्त असतं, अहवाल वर असेल तर सफरचंद आणि अननसावरच राहा. आंब्याच्या दिवसांत दोन पातळ फोडी, आणि त्या दिवशी टोमॅटो, बटाटा नाही. नारळपाणी नको. कमरख म्हणजे करंबळ मात्र एक फोडही नाही. त्यातलं विष निकामी मूत्रपिंडातून बाहेर पडत नाही. सततच्या उचक्या, गोंधळ, झटके, अगदी मृत्यूही ओढवतो. कमरखचा रस, लोणचं, तिखट-मीठ लावलेली फोड, सगळं वर्ज्य.

चार तासांसाठी: सुया असलेला हात हलवायचा नाही, म्हणून दुसऱ्या हाताने होईल असंच निवडा. पुस्तक पोटावर उभं ठेवायला लाकडी स्टँड, कानात गाणी, मोबाईलवर शब्दकोडं. रक्त बाहेर फिरताना थंडी वाजते, पायमोजे आणि स्वतःची शाल न्या. शाल अशी पांघरा की सुयांची जागा परिचारिकेला दिसत राहील. झोपायचं असेल तर खुशाल झोपा. दर वेळी एकच मोठी गोष्ट, कादंबरी किंवा मालिका, फक्त डायलिसिसलाच ऐकायची असा नेम बऱ्याच जणांना मानवतो. पुढे काय झालं या ओढीने खुर्चीपर्यंत जाणं थोडं सोपं होतं.

सासूबाई ८१ वर्षांच्या, दुसऱ्या पक्षाघातानंतर अंथरुणावर. गिळताना ठसका लागतो म्हणून नाकातून नळी घातली आहे. बोलत नाहीत. डॉक्टर म्हणतात आता फार दिवस नाहीत. त्यांना अजून काही सुख देता येईल का, की आम्ही नुसती नळी भरत बसायचं?
— सून, राजेंद्रनगर

देता येईल, आणि ते नळी भरण्याइतकंच महत्त्वाचं आहे.

चव पोटात न जाताही देता येते. डॉक्टरांना किंवा गिळण्याच्या तज्ज्ञाला आधी विचारा. त्या जाग्या असतील तेव्हाच, डोक्याकडची बाजू ४५ अंशांवर उचलून. तोंड पुसायचा मऊ स्पंज किंवा लहान मुलांचा मऊ ब्रश त्यांच्या आवडीच्या पेयात बुडवा: फिल्टर कॉफी, कैरीचं पन्हं, कोकम. मग तो इतका पिळा की एकही थेंब गळणार नाही, आणि जिभेच्या टोकावर, ओठांच्या आत फिरवा. श्रीखंड मसुराच्या दाण्याएवढंच. ठसका आला, आवाज घरघरला की थांबा. कापसाचा बोळा किंवा कापड वापरू नका, चावलं तर घशात जातं. लिंबू-ग्लिसरिनने तोंड उलट कोरडं पडतं. दर दोन तासांनी तोंड ओलं करायचंच आहे, तर त्यातल्या दोन वेळा पाण्याऐवजी चव द्या. त्यांना काय आवडायचं हे नणंदांना, त्यांच्या बहिणीला विचारून घ्या. सुनेला माहीत नसलेलं काहीतरी हमखास निघतं.

पलंग फिरवा. बहुतेक घरांत रुग्णाचं डोकं खिडकीकडे असतं आणि डोळ्यांसमोर कोरी भिंत. पाय खिडकीकडे करा, म्हणजे आकाश दिसेल. सकाळी नऊच्या आधी पंधरा मिनिटं ऊन पायांवर. दर दोन तासांनी कूस बदलताना एक कूस तरी माणसांकडे तोंड असलेली हवी. खिडकीत पाखरांसाठी पाणी ठेवायचं असेल तर पलंगापासून सात-आठ फूट दूर, आणि कबुतरांना दाणे नकोत. त्यांची विष्ठा फुप्फुसांना वाईट. पाणी रोज बदला, डास होतात.

केस रोज विंचरा. अर्धा चमचा कोमट खोबरेल, बोटांच्या पेरांनी, कपाळापासून मागे, पाच मिनिटं. त्यांची नेहमीची वेणी घाला, अंबाडा नको, टाळूला रुततो. हाताला मालीश तळव्यापासून कोपरापर्यंत. पिंढऱ्या चोळू नका. पडून राहिलेल्यांच्या पायात रक्ताच्या गाठी होतात, त्या सुटून फुप्फुसात जाऊ शकतात. पांघरायला रुग्णालयासारखी चादर कशाला, त्यांच्याच जुन्या लुगड्याची मऊ गोधडी द्या. तिच्यावर सुरकुती राहू देऊ नका, सुरकुतीने त्वचा फुटते. उशाशी मोगऱ्याची चार फुलं. अत्तर नको, उग्र होतं.

त्या बोलत नसल्या तरी उत्तर देतात, फक्त चेहरा बघायला हवा. कपाळाची आठी सैल झाली, श्वास संथ झाला, बोटं उघडली म्हणजे चालू ठेवा. भुवया आवळल्या, मान वळली, मूठ मिटली म्हणजे पुरे. एका वेळी एकच गोष्ट करा. मालीश चालू असताना टीव्ही आणि गप्पा दोन्ही असतील तर तो त्रासच होतो. त्यांच्यासमोर त्यांच्याबद्दल तिसऱ्या माणसासारखं बोलू नका, ऐकू येत असतं असंच धरून चाला. आणि नळीतून किती द्यायचं हा प्रश्न शेवटच्या दिवसांत डॉक्टरांशी पुन्हा बोला. शरीर बंद होत असताना जास्त भरलं तर छातीत पाणी आणि उलटी होते, सुख होत नाही.

आजारी माणसाला भेटायला रोज संध्याकाळी आठ-दहा नातेवाईक येतात. बाबांना माणसं आवडतात, पण नंतर दोन दिवस उठत नाहीत. कुणाला नाही कसं म्हणायचं?
— मुलगा, लोकमान्यनगर

नाही म्हणू नका, वाटून द्या. मामा सोमवारी, काकू बुधवारी, एका वेळी दोघंच, वीस मिनिटं. कुटुंबाच्या ग्रुपवर आठवड्याचा तक्ता टाका आणि खाली लिहा: ‘सर्दी-खोकला असेल तर फोन करा, येऊ नका.’ वेळ संध्याकाळचीच असायला हवी असं नाही. बाबा दिवसात कधी सगळ्यात ताजे असतात ते चार दिवस लिहून पाहा, बहुतेकांचा तो काळ सकाळी दहा ते बाराच्या दरम्यान निघतो. येणाऱ्याला एक काम द्या: पेपरातली एक बातमी वाचून दाखवायची, पत्त्यांचा एक डाव, जुना फोटो अल्बम. काम असलं की ‘कसं वाटतंय?’ हा प्रश्न दहा वेळा होत नाही. वीस मिनिटांनी तुम्ही पाण्याचा पेला घेऊन आत जायचं आणि म्हणायचं, ‘बाबा, औषधाची वेळ झाली.’ पाहुणे उठतात. बाबांना अजून बसायचं असेल तर त्यांनी पेला हातात न घेता टेबलावर ठेवायचा, अशी खूण दोघांत आधीच ठरवून ठेवा.